सिलिअ‍ॅक आणि अ‍ॅलर्जी असताना पाकिटातला खाऊ: लेबल वाचूनही त्रास होत असेल तर काय काय तपासायचं

सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू, राय, बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. म्हणून पोळी, ब्रेड, बिस्किटं बंद. पाकिटावर गहू कुठे दिसत नाही. तरी दर दोन-तीन आठवड्यांनी पोट बिघडतंच. ही तक्रार इतकी ठरावीक आहे की तिची कारणंही ठरून गेलेली आहेत. खाली ती सोप्यापासून अवघडापर्यंत आणि फुकटापासून खर्चिकापर्यंत लावली आहेत. क्रम मोडू नका. पाकीट प्रयोगशाळेत पाठवायच्या गोष्टी सुरू होतात आणि शेवटी चोर स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीत सापडतो, असं फार वेळा होतं.

आधी लक्षणं, आणि घड्याळ

काय होतंय याइतकंच, खाल्ल्यावर किती वेळाने होतंय हे महत्त्वाचं आहे.

काही मिनिटांत किंवा फार तर दोन तासांत अंगावर गांध्या, ओठ-पापण्या सुजणं, घशात खाज, उलटी, शिंका, धाप: ही अ‍ॅलर्जी. शेंगदाणा, काजू, दूध, अंडं, तीळ, सोया, आणि हो, गहूसुद्धा. गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक हे दोन वेगळे आजार आहेत.

काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोट फुगणं, पातळ जुलाब, मळमळ, तोंड येणं, गळून गेल्यासारखं वाटणं, आणि ते दोन-चार दिवस रेंगाळणं: हा ग्लुटेनचा नेहमीचा नमुना. काहींना मात्र काहीच जाणवत नाही आणि आतड्याचं नुकसान तरी चालूच राहतं. म्हणून "मला थोडं चालतं" या वाक्याला सिलिअ‍ॅकमध्ये अर्थ नाही.

दुधाचं काही खाल्ल्यावर तास-दोन तासांत फक्त गॅस, गुडगुड आणि जुलाब: बहुधा दुधातली साखर पचत नाहीये. निदान नवीन असताना आतडं सोललेलं असतं, तेव्हा हे सर्रास होतं आणि आतडं भरून आलं की बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. यात पाकिटातल्या गव्हाचा काही दोष नसतो, पण बिल त्याच्याच नावावर फाटतं.

इथे थांबा, पुढचं वाचू नका

श्वास घेताना त्रास, आवाज बसणं, जीभ सुजणं, चक्कर येऊन खाली बसावं लागणं, किंवा गांध्यांसोबत सारख्या उलट्या होत असतील तर कारण शोधत बसायची ही वेळ नाही. १०८ लावा, नाहीतर जवळच्या कॅज्युअल्टीत न्या: नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल ते. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करा. धाप असेल तर बसू द्या, पण चालवू नका. घरातली अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला श्वास मोकळा करत नाही. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते उशिरा देण्यात धोका आहे. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. पाकीट सोबत न्या.

तपासणी १: पाकीट कचऱ्यातून काढा (फुकट, पाच मिनिटं)

खाऊ डब्यात ओतायचा आणि पाकीट फेकायचं, ही सवय सगळ्यात आधी मोडा. पाकीट तीन दिवस ठेवा, किंवा मागच्या बाजूचा फोटो काढा. त्यात घटकांची यादी, बॅच नंबर आणि तारीख दिसली पाहिजे.

मग तीन ठिकाणी वाचा. पहिलं, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे शेवटचे शब्द कमी प्रमाणात असतात. पण सिलिअ‍ॅकमध्ये शेवटचे शब्दच जास्त त्रास देतात. दुसरं, यादीखालची अ‍ॅलर्जीची ओळ. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, राय, बार्ली, ओट्स), कोळंबी-खेकड्यासारखे प्राणी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, हे सगळं वेगळं जाहीर करावं लागतं. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर त्या ओळीवर विसंबू नका, सगळी यादी वाचा, आणि नुसतं "मसाले" लिहिलं असेल तर ते पाकीट सोडा. तिसरं ठिकाण म्हणजे "मे कंटेन", अर्थात "अंश असू शकतो" ही ओळ. ती असेल तर घेऊ नका. ती नसेल तर मशीन वेगळं आहे असंही समजू नका.

लेबल बहुतेक इंग्रजीत असतं, म्हणून घरात जो बाजार करतो त्याच्या फोनमध्ये ही नावं असू द्या: व्हीट, मैदा किंवा रिफाइंड व्हीट फ्लोअर, सेमोलिना म्हणजे रवा, व्हर्मिसेली म्हणजे शेवया, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय, ओट्स, सोया सॉस पावडर, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. माल्ट बार्लीचं असतं आणि मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्येही चवीला घातलेलं सापडतं, त्यामुळे कॉर्नफ्लेक्सचा घरी केलेला चिवडाही फसवतो. सोया सॉस नेहमीच्या पद्धतीने केला की त्यात गहू असतो. शेजवान आणि मंचुरियन चवीचे वेफर्स इथे मार खातात. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र नावावरून वाटतं तसं माल्ट नाही, त्याला घाबरू नका. तसंच जवस चालतं, जव चालत नाही.

दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर व्हे, केसिन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स शोधा. "नॉन-डेअरी" क्रीमरमध्येसुद्धा सोडियम केसिनेट असू शकतं. सोया लेसिथिन ३२२ या नंबरने लिहिलेलं दिसेल, सल्फाइट २२० ते २२८ या नंबरांनी.

दर्शनी बाजूवरच्या शब्दांना किंमत देऊ नका. "मैदा नाही" म्हणजे कणीक आहे. "मल्टिग्रेन" म्हणजे बहुधा गहू अधिक चार धान्यं. नाचणी बिस्किटाची यादी वाचली तर पहिलं नाव पुष्कळदा गव्हाचंच निघतं. "ग्लुटेन फ्री" या शब्दाला मात्र कायद्याचा आधार आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत. पण तो शब्द फक्त ग्लुटेनपुरता. अशा पाकिटात बदामाचं पीठ, दूध पावडर, अंडं खुशाल असू शकतं. आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने एक आणखी बघायचं: ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्च काही आयात मालात वापरतात. तो सिलिअ‍ॅकला चालू शकतो, गव्हाच्या अ‍ॅलर्जीला नाही.

तपासणी २: हिंग (फुकट, एक मिनिट)

हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष आहे, म्हणून थोडं थांबून.

बाजारात मिळणारा हिंग शुद्ध नसतो. झाडाचा चीक इतका उग्र असतो की तो डिंकात आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा असतं. बेसनाची शेव, पापडी, चिवडा, उडदाचा पापड, मसाला शेंगदाणे, सगळ्यांत हिंग. म्हणजे ज्या पदार्थांना आपण "बेसनाचं आहे, चालतं" म्हणून हात लावतो, नेमके तेच.

हिशेब करून बघा. एक किलो शेवेत २ ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा धरला, तर १ ग्रॅम मैदा झाला. मैद्यात साधारण दहावा भाग ग्लुटेन, म्हणजे १०० मिलिग्रॅम. मर्यादा किलोला २० ची. ही शेव तिच्या पाचपट. पन्नास ग्रॅमची वाटी खाल्ली तर ५ मिलिग्रॅम पोटात गेलं, दोन वाट्यांना १०. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या खाली राहिलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही, असं साधारण मानतात. म्हणजे चहासोबत दोन वाट्या शेव खाल्ली की दिवसाचा कोटा संपला, आणि अजून जेवण व्हायचंय.

म्हणून यादीत हिंग, असाफोटिडा किंवा "कंपाउंडेड असाफोटिडा" दिसलं आणि पुढे कंसात तांदळाचं पीठ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ते पाकीट नको. कायद्याने गहू अ‍ॅलर्जीच्या ओळीत यायला हवा, पण लहान उत्पादक हिंगाला एकच मसाला समजतात आणि त्याच्या पोटातला मैदा विसरतात.

घरातली डबीही बघा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तोच आणा. पाकिटातले साधे मुरमुरे आणून घरी फोडणी दिली आणि त्रास झाला, तर दोष मुरमुऱ्यांचा नाही.

तपासणी ३: डबा, तेल, सोऱ्या (फुकट, पण घरच्यांशी बोलावं लागतं)

पाकीट बरोबर असूनही त्रास होत असेल तर ते उघडल्यानंतर काय होतं ते पाहा. शेवेचा डबा एक, त्यात बिस्किटाचा चुरा लागलेला हात जातो. शंकरपाळ्याच्या डब्यात पुसून चिवडा भरतात. पाहुणे आले की एकाच ताटलीत सगळं. उपाय सोपा आहे: वेगळा डबा, वेगळ्या रंगाचं झाकण, आणि तो वरच्या फळीवर. गहू खालच्या फळीवर राहिला तर सांडलेलं वरच्या डब्यात येत नाही.

तेल हा दुसरा रस्ता. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालणाऱ्या घरात वर्षभर कुरडई, साबुदाण्याची पापडी आणि बटाट्याचे कीस एकाच कढईत तळले जातात. पहिली कुरडई पडली की ते तेल गव्हाचं झालं. तापल्यावर ग्लुटेन जळून जातं हा गैरसमज आहे. तळणीच्या उष्णतेत ते टिकतं. वेगळी छोटी कढई आणि ताजं तेल, दुसरा इलाज नाही. वापरलेलं तेल गाळून चालत नाही.

सोऱ्याच्या जाळीच्या भोकांत जुनं पीठ बसतं, मिक्सरच्या भांड्याच्या रबरी रिंगखालीही. चाळणी तर धुऊन स्वच्छ होतच नाही, वेगळीच घ्या. लाकडी पोळपाटाचंही तसंच.

तपासणी ४: सुटा माल आणि चक्की

इतवारीतून किंवा गोकुळपेठेतून किलोवर आणलेली शेव, पापडी, फरसाण स्वस्त पडतं आणि ताजंही असतं. पण त्याला लेबल नाही, आणि ज्या चमच्याने गाठी काढली त्याच चमच्याने शंकरपाळे काढलेले असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्टेपल मारलं म्हणजे ते पॅकबंद झालं असं नाही. सिलिअ‍ॅकवाल्याने सुटं नमकीन सरसकट सोडलेलं बरं; इथे तडजोडीची जागा नाही.

फुटाणे, मुरमुरे, लाह्या या बाबतीत विचारून घ्या. भडभुंज्याच्या भट्टीत त्याच वाळूत सातूच्या पिठासाठी गहूही भाजला जातो. सातूच्या पिठात गहू असतोच, ते तर बादच. मोठ्या उत्पादकाचे फक्त चणे किंवा फक्त तांदूळ असलेले पाकीटबंद फुटाणे-मुरमुरे त्या मानाने बरे.

बेसनाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. चक्कीवर गव्हानंतर डाळ दळली की जात्यात अडकलेली कणीक पहिल्या दोन-तीन किलोत उतरते. पाकीटबंद बेसनही गव्हाच्या गिरणीतलं असू शकतं. आणि अख्ख्या धान्यात? गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन ४ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर डाळीत पाच गव्हाचे दाणे, की २० ची मर्यादा गाठली. हरभऱ्याची डाळ ताटात पसरून निवडली तर हे पाच दाणे डोळ्यांना दिसतात. निवडा, धुवा, वाळवा आणि घरच्या वेगळ्या छोट्या गिरणीत किंवा मिक्सरमध्ये दळा. वेळखाऊ आहे, पण प्रयोगशाळेतल्या तपासणीपेक्षा खात्रीचं.

बाहेरच्या खाण्यातल्या दोन गोष्टी इथेच. आलूपोंग्यातले पोंगे बहुतेक मैद्याचे किंवा मैदा मिसळलेले असतात. रंग पिवळा असल्यामुळे मक्याचे वाटतात. सांबारवडीचं वरचं आवरण बेसनाचं म्हणून सांगतात, त्यात मैदा किंवा कणीक मिसळायची पद्धत आहे. तर्री पोह्यात पोहे निर्दोष, पण तर्रीतला हिंग आणि वरची शेव विचारल्याशिवाय नको. संत्रा बर्फीत खवा असतो, म्हणजे दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती गेलीच. गव्हाबद्दल डब्यावरची यादी वाचा.

तपासणी ५: तेच पाकीट, पण खरंच तेच का?

"गेल्या महिन्यात चाललं होतं." चाललं असेल. पण साधी चव आणि मसाला चव यांच्या याद्या वेगळ्या असतात. पाच रुपयांचं पाकीट आणि मोठं पाकीट वेगळ्या कारखान्यांतलं असू शकतं, आणि कृती न सांगता बदलते. पाकिटाच्या मागे १४ आकडी परवाना क्रमांक असतो. १ ने सुरू होणारा म्हणजे परवाना, २ ने सुरू होणारा म्हणजे लहान उत्पादकाची नोंदणी. नोंदणीवाला माल वाईट असतो असं मुळीच नाही, पण गृहउद्योगात बहुधा एकच कढई असते. जुन्या आणि नव्या पाकिटावरचे क्रमांक वेगळे निघाले तर कारण हातात आलं. दर खरेदीला यादी पुन्हा वाचा, दुकानात उभ्या उभ्या.

तपासणी ६: कंपनीला लिहा (फुकट, पण आठवडा जातो)

पाकिटावर ग्राहक सेवेचा ईमेल असतो. फोन करू नका. फोनवर "गहू नाही घालत साहेब" एवढंच मिळतं आणि पुरावा राहत नाही. बॅच नंबर देऊन हेच विचारा: हिंगात कोणतं पीठ आहे? त्याच लाइनवर किंवा त्याच तेलात गव्हाचा पदार्थ होतो का? मध्ये सफाई कोरडी की ओली? तयार मालाची ग्लुटेन तपासणी होते का, किती वेळाने आणि कोणत्या मर्यादेला? शेंगदाणा किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरा प्रश्न त्या पदार्थाचं नाव घालून.

चार ओळींचं नेमकं उत्तर आलं तर ती कंपनी विश्वासाची. "आमची उत्पादनं सर्व मानकांनुसार आहेत" असं आलं, किंवा काहीच आलं नाही, तर उत्तर "नाही" असं धरा. लेबलवर नसलेला गहू आत आहे असं लेखी निघालं, तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार करता येते.

तपासणी ७: सगळं बंद, मग एकेक (खर्च थोडा, संयम जास्त)

हे फक्त सिलिअ‍ॅकसाठी. अ‍ॅलर्जीत घरी "थोडं खाऊन बघू" कधीही करू नका, मागच्या वेळी नुसत्या गांध्या आल्या असतील तरीसुद्धा. पुढची वेळ तशीच सौम्य जाईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. ती चाचणी दवाखान्यात, तयारीनिशी होते.

दोन आठवडे पाकिटातला सगळा मिश्र खाऊ बंद. त्याऐवजी घटकांत एकच नाव असलेलं: घरी भाजलेले कच्चे शेंगदाणे, मखाने, घरी तळलेले केळ्याचे काप, साबुदाणा, घरी फोडलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या, सुकं खोबरं, फळं. संत्र्याच्या हंगामात तर प्रश्नच नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर शेंगदाणे आणि कच्च्या घाणीचं शेंगदाणा तेल दोन्ही वगळा. त्या तेलात प्रथिनं राहतात.

पोट शांत झालं की एक पाकीट, एकाच बॅचचं, चार दिवस. वहीत तारीख, प्रमाण, लक्षण. मग पुढचं. दोन पाकिटं एकत्र सुरू केली तर सगळी मेहनत वाया. पंधरा दिवस शांत ठेवूनही त्रास तसाच राहिला, तर दोष खाऊत नाही. सरळ शेवटच्या "इथून पुढे डॉक्टर" या भागावर या.

तपासणी ८: पट्टी आणि प्रयोगशाळा

ग्लुटेन तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, महाग असतात. त्या फक्त घेतलेल्या चिमूटभराचं सांगतात. चिवड्यात ग्लुटेन समान पसरलेलं नसतं. म्हणून पूर्ण पाकीट कोरड्या स्वच्छ मिक्सरमध्ये बारीक करून मग नमुना घ्या. सोया सॉस, माल्ट असल्या आंबवलेल्या किंवा मोड आणलेल्या पदार्थांत प्रथिनाचे तुकडे झालेले असतात आणि पट्टी खोटं "नाही" दाखवू शकते. आयोडीनचे थेंब टाकून निळा रंग बघायचा सल्ला सगळीकडे फिरतो. आयोडीन स्टार्च दाखवतं, ग्लुटेन नाही. तांदूळही निळा होईल.

प्रयोगशाळेत द्यायचंच असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय) मान्यता असलेली, ग्लुटेनचं प्रमाण मोजणारी एलायझा तपासणी करणारी निवडा आणि न उघडलेलं पाकीट द्या. एका बॅचचा निकाल त्या बॅचपुरता. रोज खायच्या एखाद्या वस्तूसाठी हे परवडतं, प्रत्येक पाकिटासाठी नाही.

इथून पुढे डॉक्टर

पहिल्या सात तपासण्या होऊनही त्रास असेल, किंवा यातलं काहीही दिसलं, तर घरचे प्रयोग थांबवा आणि पोटविकार तज्ज्ञाकडे जा: वजन उतरतंय, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन वाढतच नाही, मुलाची उंची-वजन अडलंय. मुलाला जुलाब-उलट्यांनी लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी.

डॉक्टर टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकची रक्त तपासणी करायला सांगतील. पथ्य नीट असेल तर हा आकडा हळूहळू उतरतो, मोठ्या माणसांत वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. उतरलेला आकडा पुन्हा चढला, तर ग्लुटेन कुठून तरी येतंय. पण आकडा नॉर्मल आहे म्हणून थोडं थोडं जात नाही असं होत नाही. ही तपासणी बारीक गळती पकडण्यात कच्ची आहे. शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच कमी असेल तर ती खोटी नॉर्मल येते, म्हणून एकूण आयजीए निदान एकदा केलेलं असावं. चालू गोळ्यांची नावंही सांगा, कारण गोळी बांधायला स्टार्च वापरतात आणि तो कशाचा हे औषधवाल्याला विचारता येतं.

आणि ज्यांचं निदान अजून झालेलंच नाही, नुसत्या संशयावरून गहू सोडलाय, त्यांनी वरचं काहीही करण्याआधी डॉक्टरांना भेटा. गहू बंद करून काही महिने झाले की रक्त तपासणी आणि बायोप्सी दोन्ही खोट्या नॉर्मल येऊ शकतात, आणि मग खरं काय ते कळण्यासाठी पुन्हा कित्येक आठवडे पोळी खावी लागते.

गव्हाची, दुधाची, शेंगदाण्याची अशी अ‍ॅलर्जी सोबत असेल तर अ‍ॅलर्जी तज्ज्ञाकडून एका पानाचं लेखी नियोजन घ्या: काय टाळायचं, कोणत्या लक्षणाला कोणतं औषध, कधी १०८. त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरात, एक आजीच्या फ्रिजवर. मुलाला खाऊ देण्यात आजी-आजोबाच पुढे असतात, आणि "एका लाडवाने काय होतंय" हे त्यांना चार वेळा तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या सहीचा कागद लवकर पटतो.